वाढत्या अंगाची कुंडी नको: बडोद्यात फुलझाडासाठी कुंडी निवडताना

नर्सरीत गेलं की नजर आधी फुलावर जाते, मग झाड हातात येतं, आणि पैसे देता देता दाराशी मांडलेल्या रंगीत कुंड्यांपैकी एक त्याच्यासोबत घरी येते. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी जागा, मग झाड, मग कुंडीचं माप, मग ती कशाची असावी ते. रंग आणि नक्षीचा नंबर सगळ्यांत शेवटी.

बडोद्यात हा क्रम पाळण्याला कारण आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा सहज चाळिशी ओलांडतो. मग जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस पडून जातो, आणि त्यानंतर कोरडा, फुलांना मानवणारा हिवाळा येतो. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्यात असतात, त्यांना वरच्या उन्हाची झळ फारशी लागत नाही. कुंडीतल्या मुळांना मात्र चारही बाजूंनी ऊन, वारा आणि पाऊस. कमाटीबागेतले, म्हणजे सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेल्या सयाजीबागेतले वाफे बघून "हेच आपल्या अगाशीत लावू" असं जरूर म्हणा, पण तिथलं झाड जमिनीत आहे एवढं लक्षात ठेवून म्हणा.

१. जागा: एक सुट्टीचा दिवस द्या

रविवारी घरी असाल तेव्हा सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला तीच जागा बघा. ऊन कुठपर्यंत येतं, किती वेळ टिकतं, भिंत तापते का, एवढंच टिपायचं. गुलाब, मोगरा, जास्वंद, बोगनवेल, झेंडू यांना रोज पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं. त्याहून कमी असेल तर झाड जगतं, हिरवं दिसतं, पण फूल धरत नाही. मग माणूस खत घालत सुटतो.

पूर्वेची गॅलरी मिळाली असेल तर नशीबवान आहात. सकाळचं ऊन, दुपारी सावली, जवळजवळ कुठलीही कुंडी तिथे चालते. पश्चिमेची भिंत सगळ्यांत अवघड. दुपारी ती तापते आणि अंधार पडल्यावरही तासन्‌तास उष्णता सोडत राहते. तिथे पातळ, काळी प्लॅस्टिकची कुंडी टेकवून ठेवली की मुळं अक्षरशः शिजतात. रावपुरा-मांडवीच्या बाजूच्या जुन्या घरांत चौकात दोन तास ऊन आलं तरी खूप. अशा जागी मोगऱ्याचा हट्ट सोडून पीस लिली लावावी.

जागा बघताना वजनही डोक्यात असू द्या. बारा इंची मातीची कुंडी भिजल्यावर पंधरा-वीस किलोंच्या घरात जाते. जुन्या वाड्यांच्या लाकडी गॅलऱ्या सागवानी तुळयांवर असतात. तिथे सिमेंटच्या कुंड्यांची रांग लावायची नाही, मग ती कितीही शोभून दिसो. स्लॅबच्या अगाशीतही जड कुंड्या मधोमध न ठेवता कडेला, खाली भिंत किंवा तुळई असेल त्या रेषेत ठेवाव्यात. आणि कठड्यावर काही नको. मे-जूनच्या वावटळीत पडलेली कुंडी खाली कुणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नसतो.

नवीन आलेल्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, अगाशी तुमची नसते. सगळी बिल्डिंग वर, लाउडस्पीकर, उंधियू-जिलबी, आणि पतंगाकडे बघत उलट्या पावलांनी मागे सरकणारी माणसं. त्यांच्या वाटेत जे असेल ते आडवं होतं. त्या दोन दिवसांसाठी सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात नेता येतील इतपतच वजन असावं, किंवा मग त्या आधीपासूनच कोपऱ्यात असाव्यात.

२. झाड: फूल नको, मूळ बघा

कुंडीचं माप ठरतं ते मुळांच्या सवयीवरून. फूल किती मोठं येतं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. काही झाडं खोल जातात, काही पसरतात, काहींना गर्दी आवडते. खाली दिलेली मापं इंचात आणि तोंडाच्या व्यासाची आहेत, कारण दुकानात तशीच विचारतात.

पिटुनिया, सदाफुली, शेवंती, झेंडू यांना ६ ते १० इंच पुरे. पिटुनिया आणि सदाफुलीचं मूळ उथळ, त्यांना ६-८. झेंडू आणि शेवंतीला ८-१०. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलै-ऑगस्टात एका ८ इंची कुंडीत एकच रोप लावा. चार कोंबले तर चारही उंच, किरकोळ आणि फुलांना कंजूष होतात. चिनी गुलाबाला तर ४-६ इंच खोलीचा पसरट ट्रे दिला तरी तो खुलतो.

मोगऱ्याला १० ते १२. गुलाबाला १२, आणि तोंडापेक्षा खोली महत्त्वाची, कारण त्याचं मूळ खाली शिरतं. जास्वंद १० पासून सुरू करून दोन-तीन वर्षांत १४ पर्यंत न्यावी. अनंताला १२ बरी. मधुमालती लावायची तर १६ च्या खाली विचारच करू नका, आणि तिला चढायला जाळी कुठे बांधणार ते आधी ठरवा. डेलियाचे कंद १० ते १२ मध्ये, निशिगंधाचे चार-पाच कंद एका १० इंचीत.

आता उलट्या स्वभावाची. बोगनवेलीची मुळं कुंडीत थोडी आवळली, माती मधूनमधून कोरडी पडली, की ती फुलते. मोठ्या कुंडीत, भरपूर पाणी-खतात ती पानांनी गच्च होते आणि फुलांचं नाव काढत नाही. १० ते १२ इंचात तिला वर्षानुवर्षं ठेवता येतं. अडेनियमलाही पसरट, उथळ आणि जरा घट्टच कुंडी हवी. पीस लिली आणि पावसाळ्यात उगवणारी छोटी रेन लिली, दोघींना दाटीवाटी मानवते.

कमळ किंवा वॉटर लिली हा वेगळाच संसार. तिथे बिनभोकाचा टब लागतो. त्यावर इथे लिहीत नाही.

३. माप: दोन इंचांचा नियम

नर्सरीतला माळी बहुतेक वेळा मोठी कुंडी सुचवतो. "बेन, मोटुं लई जाव ने, छोड फटाफट वधशे!" त्यात त्याचा धंदा आहेच, पण त्याला मनापासूनही तसं वाटत असतं. आपल्यालाही पटतं, कारण मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतलेले असतात. झाडाला मात्र वाढत्या अंगाची कुंडी घेऊ नये.

कारण साधं आहे. कुंडीतली माती दोन वाटांनी सुकते: वरून उन्हा-वाऱ्याने, आणि आतून मुळांनी पाणी ओढल्याने. कुंडी मोठी आणि झाड लहान असेल तर मुळं मधल्या गोळ्यापुरतीच असतात. भोवतालच्या मातीतलं पाणी प्यायला तिथे कुणीच नसतं. ती माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यात हवा उरत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजायला लागतात. वर पानं पिवळी पडतात. पिवळी पानं बघून आपण आणखी पाणी घालतो.

आणि "जरा मोठी" ही किती मोठी, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. एकाच आकाराच्या दोन कुंड्या घेतल्या, एक ८ इंची आणि दुसरी १२ इंची, तर दुसरीत माती दीडपट नाही, जवळजवळ साडेतीन पट मावते. उंची, लांबी, रुंदी तिन्ही वाढतात ना.

म्हणून नियम असा: आत्ता झाड ज्या पिशवीत किंवा कुंडीत आहे, तिच्यापेक्षा दोन इंच मोठी घ्या. नर्सरीच्या काळ्या पिशवीतलं झाड बहुधा पाच-सहा इंची गोळ्यात असतं, त्याला ८ इंची कुंडी योग्य. मोगऱ्याला शेवटी १२ लागणार असली तरी आधी ८, मग १०, मग १२. एवढे बदल करायचा कंटाळा असेल तर एक टप्पा गाळा, पण मग पावसाळ्यात पाणी जपून घाला. हंगामी फुलांना, म्हणजे पिटुनिया-झेंडूला, हा टप्प्यांचा खटाटोप लागू नाही. त्यांचं आयुष्यच चार महिन्यांचं, शेवटच्या मापात सरळ लावा.

दुकानात सोबत मोजायची टेप न्या. मातीच्या कुंडीचं माप बाहेरून सांगतात. भिंतींची जाडी वजा केली की १० इंची म्हणवणारी आतून ९ इंचांचीच भरते. प्लॅस्टिकमध्ये हा फरक नगण्य.

४. भोक आणि आकार

तळाला भोक नसलेली कुंडी फुलझाडासाठी घ्यायची नाही. "पाणी बेताने घालेन" हा निश्चय श्रावणातल्या एका रात्रीच्या पावसात वाहून जातो. ८ इंचीला करंगळी जाईल एवढं एक भोक पुरे, १२ इंचीला तीन-चार हवीत. प्लॅस्टिकच्या कुंड्यांच्या तळाला नुसते गोल ठसे असतात, भोकं पूर्ण उघडलेली नसतात. उलटी करून बघा. बंद असतील तर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने घरी उघडता येतात.

आता तळाला खडी घालण्याबद्दल. दोन इंच खडी, मग माती, म्हणजे निचरा चांगला, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि का नाही हे पाच मिनिटांत स्वयंपाकघरात बघता येतं. भांडी घासायचा नवा, जाडसर स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि न पिळता आडवा धरा. पाणी ठिबकेल आणि थांबेल. थांबलं की तोच स्पंज तसाच उभा करा. पुन्हा ठिबकायला लागेल.

आडव्या स्पंजातून पाणी थांबलं याचा अर्थ आत पाणी नव्हतं असा नाही. बारीक छिद्रांनी ते धरून ठेवलं होतं. मातीचंही तसंच. प्रत्येक कुंडीत तळाशी एक थर असा राहतो की तिथलं पाणी आपल्या वजनाने खाली उतरत नाही. खाली खडी घातली तर हा थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. वर मातीची जागा दोन इंच कमी झाली ती वेगळीच. भोकावर फुटक्या कुंडीची एक खापरी उपडी ठेवा, नाहीतर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. माती वाहून जाऊ नये, एवढंच काम. निचरा हवा असेल तर तो मातीत मिसळलेल्या भरड रेतीने किंवा कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, येतो.

त्याच स्पंजातून आकाराचाही धडा मिळतो. उभट कुंडीत तो ओला थर मुळांपासून खाली राहतो, पसरट कुंडीत वर येतो. म्हणजे तेवढीच माती, तेवढंच पाणी, पण उथळ कुंडी जास्त वेळ ओली. गुलाबाला उभट कुंडी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. अडेनियमची गोष्ट वेगळी: त्याला उथळ कुंडी देताना माती जवळजवळ निम्मी रेतीचीच ठेवायची असते.

आणि माठासारखी, पोट मोठं आणि गळा आवळलेला, अशी कुंडी दिसायला फार देखणी. पण वर्षा-दोन वर्षांनी झाड बाहेर काढायची वेळ येते तेव्हा मुळांचा गोळा त्या गळ्यातून येत नाही. मग झाड कापा, नाहीतर कुंडी फोडा. तोंडाकडे रुंद, तळाकडे किंचित निमुळती हा साधा आकार उगीच टिकलेला नाही.

५. कशाची घ्यावी

मातीची. बडोद्यातल्या उन्हाळ्याला आणि नवख्या हाताला, दोन्हींना तीच मानवते. तिच्या भिंती सच्छिद्र असतात, पाणी त्यातून झिरपून वाफ होतं, त्यामुळे मुळांपाशी गारवा राहतो आणि हवाही मिळते. पाणी चुकून जास्त झालं तरी ती थोडं सांभाळून घेते. तोटा उघड आहे: लवकर सुकते. मे महिन्यात अगाशीतल्या ८ इंची मातीच्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. दिवसभर घर बंद असेल आणि संध्याकाळीच हातात झारी येत असेल, तर उन्हाळ्यात लहान मातीची कुंडी तुमच्यासाठी नाही. १२ इंचीला एक वेळचं पाणी बहुधा पुरतं.

मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी पूड येते तेव्हा घाबरायचं कारण नाही. पाण्यातले आणि खतातले क्षार ते. ज्या सोसायट्यांना आजवा तलावाचं किंवा मही नदीचं पाणी मिळतं तिथे ते कमी दिसतं, बोअरच्या जड पाण्यावर जास्त. ब्रशने खरवडून टाका आणि महिन्यातून एकदा भोकातून भरपूर वाहेल इतकं पाणी घालून माती धुऊन काढा. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. कुंडीला बाहेरून गेरू लावला तर चालतो, दिवाळीला छानही दिसतो. ऑइल पेंट लावला की छिद्रं बुजतात, मग मातीची घेतल्याचा फायदा संपला.

प्लॅस्टिकची वाईट नाही, तिला बदनाम केलंय. हलकी असते, ओल धरते, वाहून न्यायला सोपी. पूर्वेच्या गॅलरीत पिटुनिया, शेवंतीला आणि सावलीच्या चौकात पीस लिलीला ती मातीपेक्षाही बरी. फक्त रंग फिका घ्या. पांढरी, क्रीम, फिकट राखाडी. काळी आणि गडद तपकिरी उन्हात फार तापते. घेताना काठ अंगठ्याने दाबून बघा. लवचिकपणे वाकून परत आला तर ठीक. करकरला किंवा दाबल्या जागी पांढरी रेघ उमटली तर वर्षभराच्या उन्हात ती तडकणार. जी प्लॅस्टिकची आधीच घरात आहे ती उन्हाच्या जागी वापरायची असेल, तर तिच्यापेक्षा मोठ्या मातीच्या कुंडीत उतरवून ठेवा. मधल्या फटीतल्या हवेमुळे झळ थेट पोचत नाही.

तळमजल्यावर, विश्वामित्रीच्या बाजूच्या सखल भागात राहत असाल तर हलक्या कुंड्या पावसाळ्यात ओट्यावरून आत घ्यायची सोय ठेवा. २०२४ च्या ऑगस्टात नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, आणि कोकोपीट भरलेली प्लॅस्टिकची कुंडी पाण्यावर सहज तरंगते.

सिमेंटची जड, टिकाऊ आणि वाऱ्याला न हलणारी. बोगनवेल किंवा मधुमालतीसारखी वर्षानुवर्षं एका जागी राहणारी झाडं तिच्यात लावावीत. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि माती अल्कधर्मी होते. म्हणून भोकं बुजवून ती पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी पाणी ओतून टाका, असं चार-पाच वेळा करा, मगच लावा. अनंत आणि एक्झोरा यांना आम्लधर्मी माती लागते. सिमेंटमध्ये त्यांची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती दोन तिथे नकोतच.

चकचकीत सिरॅमिक आणि घरातली चिनी मातीची बरणी यांचा उपयोग बाहेरचं आवरण म्हणून करा. आत साध्या कुंडीतलं झाड ठेवायचं आणि पाणी घालताना बाहेर काढायचं. पत्र्याचे डबे, पितळी हंडे बडोद्याच्या उन्हात नकोत. कापडी ग्रो बॅग वजनाला हलकी, आणि तिच्यात मुळं गोल गोल फिरत नाहीत, कडेला हवा लागली की तिथेच थांबतात. पण ती मातीच्या कुंडीहूनही पटकन सुकते. टांगत्या टोपल्या हिवाळ्यातल्या पिटुनियासाठी ठेवा, होळीनंतर उतरवा.

६. घेताना: वाजवून बघा

मातीची कुंडी एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. नीट भाजलेली असेल तर खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. मग काठावरून अंगठा फिरवा. पूड निघत असेल, रंग फिकट गुलाबी असेल, तर ती कच्ची आहे, एका पावसाळ्यात तिचे पापुद्रे निघतील. सपाट जमिनीवर ठेवून हलवून बघा, डुगडुगते का. शेवटी तळाचं भोक. कुंभाराने ते आतून बाहेर टोचलेलं असेल तर ठीक. बाहेरून आत टोचलं असेल तर आतल्या बाजूला ओठ वर आलेला असतो, त्याच्याभोवती पाणी अडतं. तो ओठ घरी कानशीने घासता येतो, पण दुसरी नीट कुंडी शेजारीच पडली असेल तर ती उचला.

सोबत बशी घ्यायचा आग्रह होतो. गॅलरीची लादी खराब होऊ नये म्हणून घ्या, पण जून ते ऑक्टोबर त्या काढून ठेवा. बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. एरवीही पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. बशीऐवजी विटेचे तीन तुकडे कुंडीखाली सरकवले तर भोक मोकळं राहतं आणि अगाशीत ओल धरत नाही.

७. लावणं

मातीची कुंडी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येतात ते थांबेपर्यंत तिची तहान भागत नाही. कोरडीच वापरली तर ती पहिल्या दिवशी मुळांचं पाणी स्वतःच शोषते.

माती नुसती काळी भरू नका. बडोद्याच्या दक्षिणेकडची काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं, आपल्याला वाटतं झाड पिऊन मोकळं झालं. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड रेती किंवा कोकोपीट, एवढ्यावर बहुतेक फुलझाडं खूश असतात. नर्सरीत "छाणियुं खातर" मागा आणि हुंगून बघा. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही, मुळं जाळेल.

लावण्याच्या दोन-तीन तास आधी झाडाला पाणी द्या. पिशवी बाजूने कापा, झाड खोडाला धरून ओढू नका. गोळा हातात आला की खालची बाजू बघा. मुळं पांढरी आणि मातीत विखुरलेली असतील तर तसंच लावा. दोरखंडासारखी गोल गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी सोडवा, फारच घट्ट असतील तर सुरीने दोन-तीन उभ्या चिरा द्या. हे न करता लावलेलं झाड वर्षभर त्याच गोळ्यात अडकून राहतं, भोवती नवी माती असून नसल्यासारखी.

पूर्वी माती खोडाला जिथपर्यंत होती तिथपर्यंतच नवी माती. वर काठापर्यंत इंचभर जागा रिकामी सोडा, नाहीतर पाणी कडेवरून सांडतं. भोकातून पाणी येईपर्यंत पाणी घाला आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. महिनाभर खत नको.

८. कुंडी कधी बदलायची

भोकातून मुळं डोकावू लागली, सकाळी घातलेल्या पाण्याचा दुपारी पत्ता लागत नाही, नवी पानं लहान लहान येतात, यातलं काही दिसलं की पुढची दोन इंच मोठी कुंडी. बोगनवेल आणि अडेनियमसाठी या खुणा मनावर घेऊ नका. मोगऱ्याची छाटणी आणि कुंडीबदल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, म्हणजे मार्चपासून कळ्या. गुलाबाचं काम पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, जास्वंदीचं पावसाच्या सुरुवातीला.

आणखी मोठी कुंडी ठेवायला जागा नसेल तर तीच कुंडी ठेवा. झाड काढा, गोळ्याच्या खालून आणि कडेने इंच-दीड इंच मुळं-माती कापून टाका, वरच्या फांद्याही तेवढ्याच प्रमाणात छाटा आणि नवी माती भरून परत बसवा. जुनी कुंडी दुसऱ्या झाडाला द्यायची असेल तर घासून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात उपडी टाका, आधीच्या झाडाची बुरशी तिच्यात राहते.

आत्ता ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर फिक्या रंगाच्या दोन ८ इंची प्लॅस्टिक कुंड्या आणि पिटुनियाची रोपं आणा. फेब्रुवारी असेल तर ८ इंची मातीची कुंडी आणि मोगरा. मे असेल तर झाड आणू नका. कुंड्या तेवढ्या आणा, सिमेंटच्या असतील तर चुना उतरवून घ्या, मातीच्या वाजवून बघा, शेणखत कुजायला ठेवा. दोन चांगले पाऊस झाले की जास्वंद घेऊन या.